पेटी मिटली की गंधार हरवतो: स्वरांची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चाळिशीच्या पुढे, गाण्याची आवड लहानपणापासूनची, पण शिकायचं राहून गेलं. आता घरात पेटी आणली आहे. सा रे ग म प ध नी सां या पट्ट्या पाठ झाल्या, पेटी वाजवत बरोबर म्हटलं की सूर जुळतो. पण भाता सोडून नुसता गंधार, म्हणजे ग, लावायला गेलं की तो कधी रिषभावर पडतो, कधी मध्यमाला चिकटतो. मग आपल्याला कानच नाही का? आणि सात वर्षांच्या मुलीलाही बरोबर बसवायचं असेल तर सुरुवात कशी करायची?

कान आहे. गंधार चुकला हे तुमचं तुम्हालाच कळतंय, यापेक्षा वेगळा पुरावा नको. ज्यांना खरोखर कान नसतो ते कधी तक्रार करत नाहीत, त्यांचे शेजारी करतात.

अडचण षड्जाची, म्हणजे सा ची आहे. तुम्हाला पेटीवरची गंधाराची पट्टी ओळखता येते, गंधार अजून ओळखता येत नाही. गंधार हा षड्जापासून ठरावीक अंतरावरचा स्वर, आणि षड्जच कानात चालू नसेल तर अंतर मोजायचं कुठून? आपल्याकडे सा कायमचा एका पट्टीला बांधलेला नसतो. काळी एकला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला, सा धरला तर गंधार पांढरी चारवर येतो, काळी चारला सा धरला तर तोच गंधार पुढच्या पांढरी एकवर येतो. बोटांनी जे पाठ केलं ते सा हलवला की मोडतं. कानाने जे पाठ केलं ते कुठल्याही पट्टीत चालतं.

म्हणून पहिलं काम, स्वतःचा सा ठरवणं. साधी चाचणी अशी: जो सा धराल त्याच्या खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आवाज न घोगरता जायला हवा आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत न किंचाळता. बहुतेक पुरुषांचा सा पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन यांतल्या कुठल्या तरी पट्टीत बसतो. बायकांचा साधारणपणे पांढरी पाच ते काळी पाच या टापूत. आवडत्या गायकाची पट्टी तीच आपली पट्टी, असं धरून बसलेले विद्यार्थी दरवर्षी येतात, आणि त्यांचा तार षड्ज ऐकताना माझाच गळा दुखायला लागतो. सुरुवातीला थोडी खालची पट्टी चालेल, वरची नको. सहा महिन्यांनी आवाज मोकळा झाला की अर्धी पट्टी वर सरकायला कुणी अडवत नाही.

दुसरं काम, पेटी बाजूला ठेवून तानपुरा लावणं. खरा तानपुरा लगेच विकत घ्यायची गरज नाही. फोनवरचं ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालेल. मात्र फोनच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकू नका. त्यावर खर्ज, म्हणजे खालचा सा, ऐकूच येत नाही, नुसती वरची झणझण ऐकू येते. एखादा बरा स्पीकर जोडा किंवा हेडफोनची एक बाजू कानात आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजाला मोकळा, असं करा.

तानपुऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सुरुवातीचे स्वर शिकवण्याचं निम्मं काम तो करतो आणि त्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही. चार तारा असतात. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन मध्य षड्जाच्या, त्यांना जोडीच्या तारा म्हणतात, आणि चौथी पितळी तार मंद्र षड्जाची, म्हणजे खर्जाची. तार घोडीवरून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ठोकळ्यावरून, जिथे जाते तिथे तिच्याखाली एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो नखाने इंचाचा अगदी लहानसा अंश पुढेमागे केला की एका विशिष्ट जागी तार एकदम बोलू लागते. आधी थप्प वाजणारा आवाज उघडतो आणि लांबपर्यंत झणकारत राहतो. ही जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानसेने घासून तिला योग्य उतार देणं ही मिरजेच्या सतारमेकर घराण्यांची पिढीजात कारागिरी. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

जवारीमुळे तारेतले वरचे स्वर मोकळे होतात. खर्जाच्या तारेला जो मूळ नाद असतो त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे नादही तीच तार सोडत असते. हिशेबासाठी मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. खर्ज झाला १२०. त्याची पाचपट ६००. मध्य गंधार ३००, म्हणजे ६०० हा तार गंधार. कुणीही न छेडलेला गंधार खर्जाच्या तारेतून ऐकू येतो तो असा. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पंचमाची तार १८० ची, तिची तिप्पट ५४०, तो तार रिषभ. पाचपट ९००, तो तार निषाद. म्हणजे नुसत्या सा आणि प यांवर मिळवलेला तानपुरा तुम्हाला रे, ग आणि नीसुद्धा गुपचूप देत असतो. राहिले म आणि ध. हे दोन त्यात सहज सापडत नाहीत आणि नवशिक्याचे नेमके हेच दोन स्वर जास्त डळमळतात, हा योगायोग नाही.

एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. पन्नाशीचे गृहस्थ, कारखान्यात यंत्रांची देखभाल बघणारे. ‘तानपुऱ्यात गंधार ऐका’ म्हटलं की ते माझ्याकडे संशयाने बघायचे. मी त्यांना तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसवलं आणि फक्त खर्जाची तार सावकाश छेडत राहिले. तार विरत जाऊ दे, तिचा शेवट ऐका, एवढंच सांगितलं. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट वर केलं आणि हळूच गंधार गुणगुणला. अगदी नेमका. ‘यंत्र बिघडायच्या आधी असाच आवाजाच्या आत आवाज येतो,’ म्हणाले. त्यानंतर त्यांच्या गंधाराकडे मला कधी लक्ष द्यावं लागलं नाही. मध्यमाने मात्र पुढे बराच छळ केला.

आता रोज करायचं काय, ते सांगते. क्रम माझा आहे. बहुतेक ठिकाणी सरळ सा रे ग म पासून आरोह-अवरोह सुरू करतात आणि त्याने काही बिघडत नाही. पण मोठ्या वयात एकट्याने सुरुवात करणाऱ्याला हा क्रम जास्त लागू पडतो, असा माझा अनुभव आहे.

पहिले काही आठवडे फक्त सा. तानपुरा चालू, पाठ ताठ, पण खांदे सैल. श्वास पोटातून घ्या आणि सा लावा, ‘सा’ म्हणून सुरू करून आकारात, म्हणजे ‘आ’वर सोडा. मोठ्याने नको, कुजबुजतही नको. समोर बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढा आवाज. श्वास संपत आला की सूर खाली घसरतो, म्हणून तो संपायच्या आधीच थांबा. ऐकायचं असं: सूर बरोबर लागला की स्वतःचा आवाज तानपुऱ्यात मिसळून जातो, क्षणभर आपण गातोय की नाही अशी शंका येते. किंचित चुकला की आवाजात लाटा उठतात, वँव-वँव अशी थरथर. तानपुऱ्याचा सा २४० आणि तुमचा २३८ असेल तर सेकंदाला दोन लाटा येतात. सूर जवळ येईल तशा त्या मंदावतात आणि जुळला की थांबतात. या लाटा ऐकायला शिकलात की सुरुवातीचं बरंचसं काम तुमचं तुम्हीच तपासू शकता. या थोड्याशा हुकलेल्या सुराला आपल्याकडे कणसूर म्हणतात. बेसूर सगळ्यांना कळतो, कणसूर कळायला कान तयार करावा लागतो.

सा स्थिर झाला की पंचम. सा आणि प यांचं नातं सगळ्यात सोपं, २४० ला ३६०, म्हणजे दीडपट. मग तार षड्ज, दुप्पट. सा, प, सां, प, सा, एवढंच वरखाली. मधले स्वर मनातसुद्धा मोजायचे नाहीत, थेट उडी. मग गंधार: सा, ग, प, ग, सा. आधी तानपुऱ्यात शोधा, मग गळ्यात घ्या. हे चार खांब पक्के झाले की रे हा सा आणि ग यांच्या मध्ये आणि नी हा तार षड्जाच्या दाराशी, अशा त्यांच्या जागा सापडायला लागतात.

मध्यमासाठी एक युक्ती. तार षड्जाचं मध्यमाशी जे नातं आहे तेच पंचमाचं षड्जाशी आहे. म्हणून म लावताना क्षणभर त्यालाच सा समजा आणि तिथून प म्हणा. तो प तार षड्जावर नेमका पडला तर मध्यम बरोबर होता. धैवत दोन वाटांनी येतो आणि तिथे गंमत आहे. मध्यमाला सा मानून त्याचा गंधार घेतला तर धैवत ४०० वर पडतो. रिषभाला सा मानून त्याचा पंचम घेतला तर ४०५ वर. दोन्ही धैवत शुद्धच, पण एक थोडा उतरा, एक थोडा चढा. बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म अंतरांच्या, चर्चेचं मूळ अशा जागांमध्ये आहे. सप्तकात सा, म, प यांना प्रत्येकी चार, रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन श्रुती, ही जुन्या ग्रंथांतली वाटणी. सध्या तुम्हाला ती पाठ करायची गरज नाही. धैवत एकाच जागी खिळलेला नसतो एवढं लक्षात असू द्या.

आता पेटी. तिला वाईट ठरवायचा माझा हेतू नाही, आणि महाराष्ट्रात बसून तसं म्हणायची माझी छातीही नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या वादकांनी पेटीला जी प्रतिष्ठा दिली ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण पेटीचे बारा स्वर सप्तकाच्या बारा सारख्या वाटण्या करून बसवलेले असतात. त्यामुळे २४० च्या षड्जाचा गंधार पेटीवर ३०२ च्या थोडा वर येतो, तर तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ३०० वर. फरक कागदावर क्षुल्लक, तानपुऱ्यासमोर मात्र टोचतो. याच कारणाने सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना साथ दिली. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. बंदी मला आजही अति वाटते, पण तिच्यामागची तक्रार निराधार नव्हती.

तुमच्यासाठी नियम एकच: आधी गळा, मग पट्टी. तानपुऱ्यावर ग लावा, दोन-तीन सेकंद टिकवा, आणि मगच पेटीची पट्टी दाबून पहा. पट्टी आधी दाबली की कान आळशी होतो, तो शोधत नाही, नुसता नक्कल करतो. तुमचा गंधार पेटी मिटल्यावर हरवतो तो यामुळेच. आजवर तो तुम्हाला शोधावाच लागला नव्हता.

फोनवर सूर दाखवणारी जी ॲप्स आहेत त्यांचंही तेच. काटा हिरव्यावर आला की सूर बरोबर, असं दाखवणारी बरीचशी ॲप्स पेटीच्या समान वाटणीवरच बेतलेली असतात. तानपुऱ्यात चपखल बसलेल्या गंधाराला ती ‘उतरा’ म्हणतात. बिचारा विद्यार्थी काटा हिरवा करण्यासाठी गंधार चढवत नेतो आणि तानपुऱ्यातून बाहेर पडतो. सा आणि प तपासायला ॲप वापरा, फार तर म. ग, ध, नी यांचा निवाडा तानपुऱ्यापुढेच होऊ द्या.

सातही शुद्ध स्वर ओळखीचे झाले की पलटे, म्हणजेच अलंकार. सारेग रेगम गमप वगैरे तुम्हाला पुस्तकात मिळतीलच. ते ठाय, म्हणजे संथ लयीत, हाताने मात्रा मोजत म्हणा. दुगुनीची, म्हणजे दुप्पट लयीची घाई करू नका. पण फक्त सरळ पलट्यांनी एक दोष राहतो. ज्याला आठाचा पाढा पाठ आहे पण ‘आठ सत्ते’ विचारलं की आठ एके आठपासून सुरू करावं लागतं, तशी अवस्था होते: धैवत हवा असेल तर मनात सा रे ग म प म्हणत जावं लागतं. यावर उतारा मेरुखंडाचा, म्हणजे तेच स्वर क्रम बदलून म्हणण्याचा. सा रे ग हे तीनच स्वर घ्या. त्यांच्या सहा रचना होतात: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. प्रत्येक रचना सावकाश, प्रत्येक स्वरावर थांबून म्हणा. मग रेगम, मग गमप, असं पुढे सरका. चार स्वर घेतले तर चोवीस रचना होतात, सात घेतले तर ५०४०. त्या भानगडीत पडू नका. तीन स्वरांचा मेरुखंड मन लावून केला तरी कुठलाही स्वर कुठूनही उचलता यायला लागतो, आणि तुमच्या मूळ तक्रारीवरचं खरं औषध हेच आहे.

कोमल आणि तीव्र स्वरांची घाई सगळ्यांनाच असते. सा आणि प अचल, रे ग ध नी हे चार कोमल होतात, म्हणजे खाली उतरतात, म तीव्र होतो, म्हणजे वर चढतो, एकूण बारा. हे सांगायला एक वाक्य पुरतं, म्हणून शिकायलाही तेवढंच पुरेल असं वाटतं. काहीजण बाराही स्वर ओळीने चढत म्हणायचा सराव करतात. नवशिक्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लागोपाठचे सगळे स्वर घेतले की एकही आपल्या जागी राहत नाही, सगळेच एकमेकांवर रेलतात. विकृत स्वर, म्हणजे हेच कोमल-तीव्र, शिकावेत ते थाटात (सात स्वरांच्या ठरावीक संचात) किंवा रागात. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी मांडलेले दहा थाट (बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरवी, भैरव, पूर्वी, मारवा, तोडी) इथे कामी येतात. बिलावलात सगळे शुद्ध. कल्याणात फक्त मध्यम तीव्र होतो. खमाजात फक्त निषाद कोमल. काफीत ग आणि नी. एका वेळी एकच स्वर हललेला असला की कान गोंधळत नाही. मग भैरव, म्हणजे कोमल रे आणि कोमल ध.

तीव्र मध्यमाची एक खोड सांगून ठेवते. तो नेहमी पंचमाकडे ओढला जातो आणि नवशिक्या त्याला ‘थोडा खालचा प’ म्हणून गातो. म्हणून आधी प लावा, टिकवा, मग तिथून खाली तीव्र म घेऊन परत प वर या. त्यानंतर पंचम वगळून ग, तीव्र म, ध असं म्हणून पहा. पंचमाचा आधार काढल्यावरही मध्यम जागेवर राहिला तर तो तुमचा झाला. यमनात पुढे हेच कामी येतं.

कर्नाटक संगीतात विद्यार्थ्याचे पहिले सरळी धडे मायामाळवगौळ रागात असतात. परंपरा त्याचं श्रेय पुरंदरदासांना देते. आपल्या भाषेत तो भैरवाचा सप्तक, म्हणजे पहिल्याच दिवशी कोमल रिषभ आणि कोमल धैवत. आपल्याकडे शुद्ध स्वरांचा बिलावल पहिला. दोन्हीकडे पोरं उत्तम तयार होतात, तेव्हा क्रमावरून भांडण्यात अर्थ नाही. षड्ज मात्र दोन्हीकडे पहिला आणि दोन्हीकडे तानपुऱ्यावरच.

पहिला राग कोणता, यावर आपल्याकडे भूप आणि यमन असे दोन पक्ष आहेत. मी भूपाच्या पक्षात. सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध. मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे अगदी जवळजवळचे दोन स्वर शेजारी येतच नाहीत आणि प्रत्येक स्वराला ऐसपैस जागा मिळते. ग वर थांबायचं, प वरून ग वर यायचं, ग रे सा म्हणत मंद्र धैवताला स्पर्श करून परत सा. एवढ्या हालचालींत गंधार किती निरनिराळ्या वाटांनी येतो ते पहा: रिषभावरून चढून, पंचमावरून उतरून, षड्जावरून उडी मारून.

आणि मग एखाद्या दिवशी देसकार ऐका. स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत. भूप मंद्र-मध्य सप्तकात रमतो, देसकार वरच्या अंगाने बोलतो. जाणकार देसकाराचा धैवत किंचित चढा लावतात. त्याच पाच पट्ट्या दाबून दोन वेगळे राग होतात. भैरवातला कोमल रिषभ आंदोलित, सावकाश हेलकावणारा. दरबारीतल्या कोमल गंधाराचं आंदोलन आणखी वेगळं, आणि तोडीतला कोमल गंधार इतका उतरा की पेटीवर तो मिळतच नाही. स्वराचं नाव एक, पण राग बदलला की त्याची वागणूक बदलते. हे आत्ता गळ्यात येणार नाही, येऊही नये. ऐकण्यात मात्र आजपासून असू द्या.

पुस्तकातली चिन्हं ओळखीची असावीत म्हणून थोडक्यात: भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब. पलुस्करांची पद्धत वेगळी आहे. पुस्तक कुठल्या पद्धतीचं ते आधी पाहून घ्या, नाहीतर मंद्र-तार यांची अदलाबदल होते.

रियाज किती? नोकरी सांभाळून रोज अर्धा तास, पण रोज. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, गळा बसतो तेवढा. जमलं तर सकाळी खर्जाचा रियाज करा: सा पासून खाली नी, ध, प असं एकेक स्वर उतरत, प्रत्येकावर थांबत. आवाज जिथे नुसती हवा होतो तिथे थांबा. खर्ज दाबून काढायचा नसतो. दही, चिंच, थंड पाणी यांवर मी काही बोलणार नाही, प्रत्येक गळ्याचा वेगळा कायदा असतो. गाताना दुखलं तर मात्र पट्टी किंवा जोर यांत चूक आहे, तिथे ‘सहन करून पुढे’ हा मार्ग नाही.

मुलीविषयी. सात वर्षांच्या मुलीला तुमचा हा कार्यक्रम लावू नका. महिनाभर नुसता सा तिला झेपणार नाही आणि गाण्याची अढी बसेल ती वेगळीच. तिची पट्टी तुमच्यापेक्षा बरीच वर असेल, काळी चार किंवा काळी पाचला करून पहा, आणि मंद्रात फार खाली नेऊ नका. तिच्याशी खेळ खेळा: तुम्ही तानपुऱ्यावर दोन स्वर म्हणा, तिने ते परत म्हणायचे, मग तिने म्हणायचे आणि तुम्ही ओळखायचे. तुम्ही चुकलात की तिला आनंद होईल, आणि चुकाल तर नक्कीच. सोपी सरगम गीतं, भूपातली छोटी बंदिश, पाचदहा मिनिटं, बास. संगीतातल्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षा चांगल्या आहेत, अभ्यासाला शिस्त लागते. पण प्रमाणपत्रासाठी पहिल्याच वर्षी बसवण्याची जी चढाओढ पालकांत दिसते ती मला पटत नाही. तिचा सा पक्का होऊ दे, परीक्षा कुठे पळून जात नाही.

शेवटचा मुद्दा गुरूंचा. व्हिडिओवरून माहिती मिळते, पण व्हिडिओला तुमचा गंधार ऐकू येत नाही. आठवड्यातून एकदा का होईना, कुणीतरी जाणत्याने ऐकायला हवं. गावात कुणी नसेल तर ऑनलाइन शिका. परदेशात बसून पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे शिकणारे कितीतरी मराठी विद्यार्थी आहेत. फक्त दोन गोष्टी सांभाळा. आवाज पोचायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे गुरूंबरोबर एकदम गाता येत नाही, आळीपाळीनेच गावं लागतं, आणि तानपुरा तुमच्या खोलीत तुमच्याजवळ चालू असावा लागतो. दुसरं, व्हिडिओ कॉलच्या ॲप्सना तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ती तो गाळून टाकतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ची सोय चालू केली नाही तर गुरूंना तुमचा सूर अधांतरी ऐकू येतो आणि दुरुस्ती करायला त्यांना काही आधारच राहत नाही.

गुरू निवडताना नाव, मानमरातब पाहण्याआधी पहिला धडा कसा होतो ते पहा. तुमची पट्टी शोधण्यात वेळ घालवला, तानपुरा तुमच्या सा ला मिळवला आणि मग गायला सांगितलं, तर तिथे राहा. स्वतःच्याच पट्टीत पेटी धरून ‘म्हणा माझ्या मागून’ असं सुरू झालं, तर पट्टी बदलून मागा. तीही मिळाली नाही तर दुसरीकडे चौकशी करा.